न केलेला प्रवेश

४ मार्च, सोमवार

पोचलो बाई एकदाच्या! टेम्पोवाल्यानं सगळं सामान फाटकापाशी टाकलं आणि वर नेणं आपलं काम नाही म्हणाला. मग काय, बाह्या सरसावल्या आणि दोघींनी मिळून छोटीचं शिवणयंत्र लिफ्टमध्ये कोंबलं. लिफ्ट कसली, उभी पेटी. जाळीचं दार ओढलं की म्हाताऱ्यासारखं खोकतं. जिना मात्र छान आहे, रुंद, लाकडी कठड्याचा. आम्ही चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, तेही इतकं चिंचोळं की एकीला आत जायचं तर दुसरीनं पोट आत घ्यायचं. पण खिडकीतून उजेड भरपूर. छोटीनं तिथंच यंत्र मांडलं आणि ती जागा आपली असं जाहीर करून टाकलं.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिशी उलटली तरी माझ्या लेखी छोटीच. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून तिचा ताप, तिच्या परीक्षा, तिचं मोडलेलं लग्न, सगळं माझ्या गळ्यात. तिला विचाराल तर म्हणेल, ताईच माझ्या गळ्यात. दुसरं कोणी नाही आम्हाला, आणि खरं सांगायचं तर लागतही नाही.

आमची नाटकमंडळी बंद पडली, थिएटरचं फर्निचरचं दुकान झालं. चाळिशी ओलांडलेल्या नटीला कोण विचारतं? पण विचारलं! व्हिडिओ गेममध्ये काम. ऐकून छोटी हसून हसून लोळली. तिला वाटलं, मला बंदूक घेऊन उड्या मारायच्यात. म्हटलं, हस बाई हस. दगडापेक्षा वीट मऊ.

७ मार्च, गुरुवार

कामाचा पहिला दिवस. स्टुडिओ म्हणजे गालिच्यांचं जुनं गोदाम. आत काहीच नाही. ना पडदा, ना सेट. चहूकडून कॅमेरे आणि मधोमध दाराची नुसती चौकट, जिन्याच्या नुसत्या पायऱ्या. मला काळा, अंगाला चिकटणारा पोशाख दिला. या वयात! आई असती तर तिनं हंबरडा फोडला असता. मग एक मुलगी आली आणि तासभर माझ्या चेहऱ्यावर ठिपके चिकटवत बसली, त्यांवरून कॅमेरे चेहऱ्याची हालचाल टिपतात म्हणे. मी तिचं नाव ठिपकेवाली ठेवलंय. मस्त पोर आहे, बडबडी.

दिग्दर्शक साहेब सतत पेन्सिल चावतात. त्यांनी खेळ समजावला. एका इमारतीत दोन बहिणी राहतात. खेळणारा मोठीच्या वतीनं ठरवतो. मधेच सगळं थबकतं, पडद्यावर दोन शब्द येतात, आणि त्यातला एक निवडायचा. धाकटीशी खरं बोलायचं की लपवायचं, जवळ घ्यायचं की थोबाडीत द्यायची. त्यामुळे मला प्रत्येक प्रवेश दोन्ही तऱ्हेनं करायचा. नाटकात एकदा थोबाडीत दिली की दिली. इथं दिली आणि लगेच नाही दिली. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला तर पर्वणीच!

एक गंमत सांगायची राहिली. खेळणारा विचार करत असेल तेवढा वेळ मोठीनं पुतळ्यासारखं उभं राहून चालणार नाही, काहीतरी बारीक चाळा हवा. मी डाव्या हातानं कानाची पाळी चोळायचं ठरवलं. साहेब खूश झाले. तो चाळा एकदाच घेतला, आता तो सगळीकडे वापरणार.

२० मार्च, बुधवार

छोटी डबा घेऊन आली होती. साहेबांनी तिला बघितलं, मला बघितलं, आणि पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, धाकटीच्या कामाला बाहेरून मुलगी कशाला, हे नाक तर घरातच आहे. छोटीनं नाही नाही म्हणत होकार दिला. मीच तिला पुढे ढकललं.

दुपारी तयार झालेला पहिला तुकडा खेळायला मिळाला. मी नाक मुरडतच बसले. पडद्यावर माझा चेहरा, माझ्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसकट. धाकटी लिफ्टकडे निघालीय, तिला अजून कोणाचाच चेहरा नाही. दोन शब्द आले, हाक मार आणि जाऊ दे. आणि ती, म्हणजे मी, कानाची पाळी चोळत माझ्याकडे बघत थांबली. माझ्यावाचून तिचं पान हलेना. अगंबाई! आयुष्यात कोणी माझं इतकं ऐकलेलं नाही, छोटीनं तर नाहीच. मी हाक मारायला लावली. मग मागे जाऊन जाऊ दिलं. मग परत मागे.

ठिपकेवाली हलवायला आली तेव्हा कळलं की डबा तसाच राहिलाय. लोक याला का भुलतात ते आज समजलं. जन्मभर आपल्या मनात सलत असतं, तेव्हा तसं बोलले नसते तर, जरा थांबले असते तर. इथं खरंच मागे जाता येतं. मला तर आई गेली तो दवाखान्यातला दिवस आठवला आणि डोळे भरून आले. खेळ कसला, मनाची खाज आहे ही.

९ एप्रिल, मंगळवार

शेवटाचे प्रवेश सुरू झाले. धाकटी यंत्रावर बसलीय, मोठीचं गॅसच्या वासाकडे लक्ष नाही, मग आग, मग धुरानं भरलेला जिना आणि मोडका कठडा. धाकटी खाली लोंबकळतेय आणि मोठीनं हात पुढे केलाय. इथं खेळणाऱ्यानं ठरवायचं. घट्ट धरला तर छोटी वर येते आणि मोठी जाते. सोडला तर छोटी जाते. उशीर झाला तर दोघी. छोटी गादीवर पडायची, पण पडताना माझ्याकडे अशी बघायची की मी माझं वाक्यच विसरायचे. शाळेतसुद्धा कधी नाटकात उभी राहिली नव्हती, आणि आता मला खाऊन टाकते! अभिमान वाटला. थोडं झोंबलंही, उगाच खोटं कशाला बोलू.

३ मे, शुक्रवार

आज जरा वाजलं. लेखिकाबाई अबोल, कोपऱ्यात बसणाऱ्या. त्यांनी आणखी एक शेवट लिहिला होता. मोठीला वास वेळेवर येतो. ती शेगडीचं बटण बंद करते, खिडकी उघडते, चहा होतो. धाकटी झालर शिवत म्हणते, ताई, पडदा सार, डोळ्यावर ऊन येतंय. पडदा सारला जातो. संपलं.

मी वाचलं आणि म्हटलं, बाई, यात नाट्य कुठंय? एवढा खेळ खेळून शेवटी चहा? कोण बटण दाबेल यासाठी? सगळे हसले. मला हशा मिळाला की मी सुटतेच. मी नक्कल करून दाखवली, जांभई देत बटण बंद करणारी मोठी. छोटीसुद्धा यंत्रावर डोकं टेकून हसली. साहेब म्हणाले की कोणाला तरी किंमत मोजावी लागल्याशिवाय खेळणाऱ्याचा हात थरथरत नाही, तेव्हा हा प्रवेश काढून टाकू.

लेखिकाबाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, एक तरी असा असायला हवा होता, त्या दोघींसाठी. मला वाटलं, लेखकांचं आपलं काहीतरी.

२० मे, सोमवार

आमचं काम संपलं. आज काचेमागून खेळणारी माणसं बघायला दिली. एक बसचालक होते, पोटसुटे, मिशाळ. जिन्यापाशी त्यांनी घट्ट धरायला लावलं. छोटी वाचली, मी गेले, आणि ते हुंदके देऊन रडले. माझी छाती फुगली. डोळे पुसून त्यांनी विचारलं की जरा मागे जाता येईल का. गेले, आणि यावेळी हात सोडायला लावला. पुढे झुकून, तोंड उघडं टाकून बघत होते. वाईट माणूस नव्हता हो. नुसतं कुतूहल.

ठिपकेवाली सहज म्हणाली की पहिल्यांदा सगळे वाचवतात, दुसऱ्यांदा बघतात.

२ सप्टेंबर, सोमवार

खेळ बाजारात आला! दुकानातल्या पोरीनं मला ओळखलं. म्हणाली, काल तुम्हाला दोनदा मारलं. छोटीला वाचवलंस ना, मी विचारलं, तर ती नुसतीच हसली. छोटीकडे कपडे द्यायला येणाऱ्या बायका आता शिवणापेक्षा गप्पाच जास्त मारतात. मजा आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

थोडक्यात वाचलो. छोटी कापड आणायला निघाली, लिफ्टचं दार ओढत होती. मी दारात उभी. एकदम सगळं थबकल्यासारखं झालं. नळाची धार वाजेना, पंखा दिसतोय पण फिरत नाही. आणि माझा डावा हात कानाच्या पाळीवर. मग माझ्या तोंडून हाक निघाली. छोटी वैतागून परत आली, आणि लिफ्ट रिकामीच धाडकन खाली गेली. तार तुटली म्हणे. छोटीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. चक्कर आली असेल मला. रक्तदाब तपासून घ्यायला हवा.

५ सप्टेंबर, गुरुवार

तारीख चुकलेली नाही. कॅलेंडर बघितलं, शेजारच्या मास्तरीणबाईंना विचारलं. आज गुरुवारच आहे. कालही गुरुवारच होता.

सकाळी तोच चहा, तेच बोलणं. छोटी लिफ्टपाशी. पंखा थांबला. हात कानावर. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. जाऊ दिलं तिला. मी नाही! मी नाही जाऊ दिलं!

छोटीचा पाय मोडलाय. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं पायावर निभावलं. छोटी म्हणते, हाक मारायला काय झालं होतं गं तुला, नुसती बघत होतीस. कालचं तिला काहीच आठवत नाही. ती म्हणते काल बुधवार होता.

९ सप्टेंबर, सोमवार

आज भांडण झालं. पायामुळे ती चिडचिडी झालीय, मी खुर्ची सरकवली म्हणून बोलली. शब्द न् शब्द ओळखीचा. आम्ही गोदामात हेच बोललो होतो, ठिपके लावून. पंखा थांबला. मी तिला जवळ घेतलं. दोघी रडलो.

९ सप्टेंबर, सोमवार

थोबाडीत दिली. तिच्या गालावर माझी बोटं उठलीत. माझ्याच हातानं. लहानपणीसुद्धा कधी मारलं नव्हतं तिला. ती भिंतीकडे तोंड करून झोपलीय आणि मी इथं बसून हात बघतेय.

आता नीट लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. लिफ्ट झाली. भांडण झालं. जे प्रवेश आम्ही केले तेच एकेक करून घरात येताहेत. कोणीतरी आम्हाला खेळतंय. यानंतर राहिला गॅस, आणि मग जिना. आणि जिन्यावरच्या शेवटांत आम्ही दोघी जगतो असा एकही शेवट नाही. एक होता. तो मी जांभई देऊन घालवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी गेले तर गेले. पण जो खेळतोय तो आधी वाचवेल आणि मग मागे येईल. सगळे येतात.

११ सप्टेंबर, बुधवार

छोटीला टॅक्सीत घालून स्टेशनवर नेलं. तिला सांगितलं, हवापालट. गाडी हलली, मी देवाचे आभार मानले. पापणी लवली तर स्वयंपाकघरात. हातात चहाची गाळणी. छोटी यंत्रावर. टॅक्सी, गाडी तिला काही ठाऊक नाही. परत निघाले. परत गाळणी. आम्ही गाडीत बसण्याचा प्रवेश केलाच नव्हता ना.

गॅसवाल्याला बोलावून शेगडीच काढून टाक म्हटलं. काढून नेली. वळून बघते तो जागेवर.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

स्टुडिओत गेले. गोदामात आता बुटांची जाहिरात चाललीय. पायऱ्या मोडून सरपण केलंय. साहेबांचे पाय धरले, खरंच धरले, की तो एक प्रवेश घ्या हो, फुकट करते, दोन मिनिटांचा आहे. ते घाबरले. म्हणाले, खेळ आता लोकांच्या हातात गेला, त्यात घालायचं म्हटलं तरी कॅमेरे नाहीत, माणसं नाहीत. आणि तुम्हालाच तर तो नको होता. पेन्सिल चावत त्यांनी मला पाणी दिलं.

लेखिकाबाई कधीच नोकरी सोडून गेल्या. कुठं, ते कोणालाच माहीत नाही. ठिपकेवाली भेटली. माझा चेहरा बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी तिला विचारलं, जे चित्रित केलं नाही ते करताच येत नाही का. तिनं मला खुर्चीत बसवलं. मग म्हणाली, पण तालीम तर करता येते ना.

तालीम! बाई गं, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून तालीम. बटणाकडे हात नेला की मधेच जड होतो, वाळूत रुतल्यासारखा. त्याला ही हालचाल माहीतच नाही. पण नटीचा हात आहे. शंभरदा घासला की येतो. दुपारपर्यंत दोन बोटं टेकली. छोटीला म्हटलं नाटक बसवतेय, तू एवढंच म्हणायचं, ताई, पडदा सार. ती म्हणाली, हे तर ते रद्द झालेलं, किती कंटाळवाणं आहे. तरी म्हणते बिचारी. मारलं त्याबद्दल अजून बोलत नाही, पण म्हणते.

लिहिणारा हात मात्र हलका चालतो. वही खेळात नव्हती. कोणी मला लिहायला सांगितलं नव्हतं, कोणी अडवतही नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

बटण अर्धं फिरलं. मनगट सुजलंय. फिरलं पण!

१७ सप्टेंबर, मंगळवार

झालं! झालं, झालं, झालं!

दुपारी गॅसचा वास आला. पंखा थांबला. डावा हात कानाकडे निघाला आणि मी दात आवळून तो ओढला. घामानं न्हाले. ओढत ओढत बटणापर्यंत नेला आणि फिरवला. पूर्ण फिरवला! खिडकी उघडली. पंखा फिरू लागला. चहा केला, पांचट झाला, साखर विसरले. छोटी झालर शिवत होती. म्हणाली, ताई, पडदा सार, डोळ्यावर ऊन येतंय. मी सारला. मग चहा पीत बसलो. काहीही झालं नाही. अर्धा पाऊण तास काहीही झालं नाही. तिनं मान वर न करता विचारलं, रडतेस कशाला, आणि मग स्वतःच माझा हात घेऊन तिच्या गालावर ठेवला. जिथं मारलं होतं तिथं.

इतका सुंदर प्रवेश मी जन्मात केला नाही. आणि म्हणे यात नाट्य कुठंय! लेखिकाबाई, जिथं असाल तिथं तुम्हाला दंडवत.

आता निजते. उद्या बुधवार.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नाही.

नाही, नाही. कॅलेंडर. मास्तरीणबाई. मंगळवार म्हणाल्या. दोनदा विचारलं —

त्यानं बघितलं. कालचं सगळं बघितलं, चहा, पडदा. आणि त्याला वाटलं, एवढंच? मलाही हेच वाटलं होतं. मीच म्हटलं होतं, कोण बटण दाबेल — तो मागे आलाय. आता बघायला आलाय.

दुपार होतेय. छोटी यंत्रावर, पाय स्टुलावर. झालर तीच. मी हाक मारली, आवाज नाही. जवळ जायचं तर पाय हलत नाही. डावा हात बटणाकडे नेतेय, कालच आलं होतं, काल आलं होतं ना —

अहो, कोण असाल ते. ऐका. ती एकटीच आहे मला. वाईट नाही तुम्ही, मला माहीत आहे. काल आवडलं नाही तुम्हाला, पण तेच पुरे होतं आम्हाला. बंद करा. कंटाळा आला म्हणा आणि उठा. जा, जेवा —

वास येतोय

पंखा थांबला. डावा हात कानाच्या पाळीवर. चोळतोय. सुटत नाही. म्हणजे तो विचार करतोय — अजून ठरलेलं नाही — अजून —

उजवा हात माझा आहे, वहीपुरता. लिहितोय. एवढाच माझा आहे. पान मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर धरते. ती वर बघतेय. बघ. वाच, छोटी —

छोटी, माझं ऐकू नकोस. ताई नाही ही. उठ, लंगडत का होईना, आत्ता. जिन्यावर मी हात पुढे करीन. काही झालं तरी तो धरू